शंभरच्या आतले अडथळे

उर्से टोलनाका ओलांडून मुंबईकडे निघालेला पुण्याचा मोटारचालक पहिल्या दोन-तीन मिनिटांत एक काम उरकून टाकतो. उजव्या टोकाची मार्गिका धरतो आणि घाट येईपर्यंत ती सोडत नाही. पुढे रस्ता मोकळा, डावीकडच्या दोन्ही मार्गिका मोकळ्या, तरी स्वारी उजवीकडेच. मागून कोणी डिपर मारला की तो आरशात बघतो, कपाळाला आठी घालतो आणि शेजारच्या सीटवर बसलेल्याला सांगतो, ‘मी शंभरने चाललोय. मर्यादाच शंभरची आहे. याला कशाला साइड द्यायची?’ या प्रश्नात अस्सल पुणेरी बाणा आहे, नियमाचा आधारही आहे. तरीही तो चूक आहे, आणि यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे निम्मे धोके या एका गैरसमजातून जन्माला येतात असे आमचे मत आहे.

उजवी मार्गिका वेगवान गाड्यांची नाही, तशी ती नियमाने चालणाऱ्यांचीही नाही. ती ओव्हरटेक करण्यापुरती आहे. पुढचे वाहन ओलांडायचे आणि परत डावीकडे यायचे. वाहन शक्य तितके डावीकडून चालवावे हे १९८९च्या वाहतूक नियमावलीत होते आणि तिची जागा घेणाऱ्या २०१७च्या नियमावलीतही आहे. मागचा १३०ने येत असेल तर तो गुन्हा त्याचा. त्याला पकडायला कॅमेरे आहेत, महामार्ग पोलीस आहेत. आपल्या गाडीचा बंपर हे सरकारने नेमलेले वेगनियंत्रक यंत्र नव्हे. त्याला अडवून वेग कमी होत नाही. तो डावीकडून कट मारतो, मधल्या मार्गिकेतल्या ट्रेलरच्या पुढ्यात घुसतो, आणि ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही असा तिसराच माणूस जिवानिशी जातो.

डिपर मारणाऱ्यालाही यातून मोकळीक मिळत नाही. साइड मिळाली म्हणून मर्यादा ओलांडायचा परवाना मिळत नाही. कळंबोली ते किवळे हा मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटरचा. सगळा रस्ता मोकळा मिळाला आणि घाट नसताच, तर १००च्या वेगाने तो ५७ मिनिटांत संपेल, १२०च्या वेगाने ४७ मिनिटांत. म्हणजे कागदावरची कमाई दहा मिनिटांची. ती किवळ्याला उतरून वाकडपर्यंत पोहोचेतो हातची जाते. वेग १००वरून १२०वर गेला की तो पाचव्या हिश्शाने वाढतो, पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर जवळजवळ दीडपट होते. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर पुढे जाते. मोबाइलवरचा एक मेसेज वाचायला दोन सेकंद लागतात.

उजवीकडेच चालण्याची ही सवय आली कुठून, हे पाहिले तर एकट्या मोटारवाल्यांवर खापर फोडता येत नाही. २००२मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. तो सुरू होण्याआधी पुण्या-मुंबईची सगळी वाहतूक जुन्या महामार्गावरून, खोपोली-खंडाळ्यातून चालायची. त्या रस्त्याची शिस्त निराळी होती. डाव्या कडेला डांबर तुटलेले, साइडपट्टी खचलेली, मध्येच बैलगाडी किंवा सायकलवाला. त्यामुळे ट्रक रस्त्याच्या मध्यावरून चालायचे. मागच्याने हॉर्न द्यायचा, क्लीनरने खिडकीतून हात हलवायचा, ट्रक जरासा डावीकडे सरकायचा आणि मागचा निघून जायचा. ट्रकच्या पाठीवरची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही त्या रस्त्याची वाहतूक नियमावलीच होती. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये ट्रकवर ती अक्षरे लिहायला बंदी घातली. अक्षरे पुसली गेली, सवय राहिली. देशातला पहिला सहा पदरी नियंत्रित प्रवेशाचा द्रुतगती मार्ग आपण बांधला आणि त्यावर दोन पदरी रस्त्याच्या रिवाजाने गाड्या सोडल्या. तीन मार्गिकांचे करायचे काय, हे कोणी कोणाला शिकवलेच नाही. आजही आरटीओच्या चाचणीत आठचा आकडा काढला आणि सिग्नलच्या पाट्या ओळखल्या की परवाना हातात पडतो. चालत्या महामार्गावर शिरायचे कसे, मार्गिका बदलताना आरशात किती वेळा बघायचे, ओव्हरटेक करून परत कधी वळायचे, यातले काही कोणी विचारत नाही.

मालट्रकांचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे. खंडाळ्याच्या चढावर भरलेला कंटेनर जेमतेम २५-३०ने चढतो. त्याच्या मागचा थोडा हलका ट्रक त्याच्यापेक्षा ताशी पाच किलोमीटर जास्त वेगाने चढू शकतो, म्हणून तो उजवीकडे येतो. दोन ट्रकांची लांबी आणि मधले अंतर धरून त्याला सुमारे ६० मीटर जास्त कापायचे असतात. ताशी पाच किलोमीटरच्या फरकाने त्याला पाऊण मिनिट लागते. तेवढ्यात तिसऱ्या ट्रकवाल्याला वाटते आपणही जावे. तिन्ही मार्गिका बंद, आणि मागे मोटारींची रांग. जड वाहनांनी डावीकडूनच जावे असा नियम आहे, तो हवाच. पण डाव्या मार्गिकेत बंद पडलेला ट्रेलर पार्किंग लाइट न लावता उभा असेल, त्याच्या मागे झाडाच्या फांद्या टाकून ठेवल्या असतील, तर ट्रकचालक उजवीकडे सरकणारच. त्याला दंड करण्याआधी तो बंद ट्रेलर किती मिनिटांत हलवला गेला, हे विचारायला हवे. मागून आदळून होणारे अपघात या मार्गाला नवे नाहीत. १४ ऑगस्ट २०२२च्या पहाटे शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांची गाडी पुढच्या मालवाहू वाहनावर मागून आदळली. अभिनेत्री भक्ती बर्वे २००१मध्ये, अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२मध्ये याच मार्गावर गेले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे, पण नावे माहीत होती म्हणून ते आपल्या लक्षात राहिले. २०१६ या एका वर्षात इथे १५१ जणांचा जीव गेला, त्यांतले एकही नाव आपल्याला आठवत नाही.

त्यानंतर काही बदलले, हेही नोंदवायला हवे. सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी एकत्र येऊन कठड्यांची धारदार टोके झाकली, धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, जखमींना लवकर उचलण्याची व्यवस्था बसवली. २०२०पर्यंत मृत्यूंचा आकडा निम्म्याहून खाली आला. ते टाळेबंदीचे वर्ष होते हे विसरून चालणार नाही, पण उतार त्याआधीच लागला होता. रस्ता सुधारला की माणसे वाचतात, हे त्यातून दिसले. माणसांच्या सवयी सुधारल्या तर आणखी वाचतील, त्या बाजूने मात्र फारसे काही झाले नाही.

जुलै २०२४पासून या मार्गावर स्वयंचलित वाहतूक व्यवस्थापनाचे कॅमेरे आहेत. वेग, सीटबेल्ट, मोबाइल, लेन कटिंग असे १७ प्रकारचे नियमभंग ते टिपतात. लाखो ई-चलने निघाली. मोटारीने वेगमर्यादा मोडली की २ हजार रुपयांचे चलन मोबाइलवर येते. परिणाम डोळ्यांनी दिसतो. कॅमेऱ्यांच्या कमानीच्या अलीकडे पटापट ब्रेकचे लाल दिवे लागतात आणि कमान ओलांडली की गाड्या पुन्हा सुटतात. दोन कमानींमधला सरासरी वेग मोजता येतो हे अजून अनेकांच्या गावी नाही. यंत्रणेला वेग मोजणे सोपे जाते, कारण तो आकडा आहे. मोकळी मधली मार्गिका सोडून उजवीकडे चार किलोमीटर रेंगाळणारी मोटार हाही नियमभंग आहे. कॅमेऱ्याला ती दिसते. पण तिचे चलन निघाल्याचे ऐकिवात नाही.

जर्मनीत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून ओव्हरटेकची मार्गिका डावीकडे. तिथल्या ऑटोबानच्या काही भागांत मोटारींना वेगमर्यादाच नाही, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. काम झाले की लगेच आपल्या बाजूला परतायचे, हा तिथला नियम मात्र कोणी सांगत नाही. वेगाची मोकळीक या नियमाच्या जिवावर उभी आहे. आपण समृद्धी महामार्गावर १२०ची मर्यादा आणली आणि मार्गिकेची शिस्त मागच्या गाडीतून येईल असे गृहीत धरले.

पुणेकरांना हा प्रश्न घाटापलीकडचा वाटत असेल तर त्यांनी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आठवावा. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका जड वाहनाने तिथे ४८ गाड्या ठोकरल्या. १३ नोव्हेंबर २०२५ला त्याच परिसरात कंटेनरच्या अपघातानंतर आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळा त्यानंतर पाट्यांवरचे आकडे कमी करण्याची धावपळ झाली. पण तीव्र उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकणारा चालक पाटीवरचा आकडा वाचून गिअर टाकत नाही. बोगद्याच्या आधी जड वाहन थांबवून गिअर आणि ब्रेक तपासणारा माणूस उभा हवा, आणि खाली उतरताना जड वाहने डाव्याच मार्गिकेत राहतील अशी आखणी हवी. महामार्गाला लागूनच सेवारस्ता, बसथांबा आणि रिक्षा उभ्या असताना महामार्गाचा वेग आणि वस्तीचा वेग एकाच पट्ट्यात कोंबला आहे, हे या जागेचे मूळ दुखणे. ते पाट्यांनी बरे होणारे नाही.

द्रुतगती मार्गावर मात्र सुरुवात फारशा खर्चाशिवाय करता येते. टोलनाका सुटल्यावर लगेच आणि त्यानंतर ठरावीक अंतरावर, उजवी मार्गिका फक्त ओव्हरटेकसाठी आहे असे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहावे. कमानींवरच्या विजेच्या फलकांवर सुविचार दाखवण्यापेक्षा हे वाक्य दाखवावे. जोडसुट्टीला दरवेळी हजारो मोटारी पुण्याहून निघतात आणि सोमवारी वेगमर्यादा मोडणाऱ्यांवरच्या कारवाईचा आकडा वर्तमानपत्रांकडे येतो, आम्ही तो छापतो. महामार्ग पोलिसांनी पुढच्या खेपेला त्याच पत्रकात आणखी एक आकडा द्यावा: विनाकारण उजवी मार्गिका अडवून धरणाऱ्या किती मोटारींवर कारवाई झाली. तोही आम्ही छापू, पहिल्या पानावर.