शिलकी रजेचा हिशेब कोणी ठेवावा?

जबलपूरच्या बडा फुहाऱ्यावरचा लहानसा दुकानदारही रात्री दुकान बंद करण्यापूर्वी दिवसाची शिल्लक मिळवून पाहतो. त्याच बाजारात सणाची खरेदी करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ‘आपली अर्जित रजा किती उरली?’ असे विचारावे, तर ‘बडे बाबूंना विचारावे लागेल’ हे उत्तर बहुधा ठरलेले! घरापासून दूर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला रजा म्हणजे गावाकडची वाट. तिच्याविषयी एवढी उदासीनता मला अनाकलनीय वाटते.

केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ प्रमाणे १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवसांची अर्जित रजा आगाऊ जमा होते. आधीच्या सहामाहीत असाधारण रजा घेतली असल्यास तिच्या एकदशांशाइतकी कपात या जमेतून होते. संचयाची मर्यादा ३०० दिवस. हा हिशेब ठेवण्यास एक्सेलचे पाच रकाने पुरेत : सहामाही, आरंभीची शिल्लक, जमा, घेतलेली रजा आणि अखेरची शिल्लक. शेवटच्या रकान्यात आरंभीची शिल्लक अधिक जमा, उणे घेतलेली रजा. उत्तर ३०० हून अधिक आल्यास ३००.

मात्र ही मर्यादा कोठे लावायची, यातच खरी मेख आहे. समजा, आरंभी २९५ दिवस शिल्लक आहेत आणि सहामाहीत १० दिवस रजा घेतली. जमा होतानाच ३०० वर कात्री लावली, तर अखेरीस २९० उरतात. परंतु शिल्लक २८५ हून अधिक असेल, तर नवे १५ दिवस वेगळे ठेवून घेतलेली रजा प्रथम त्यांतून वजा करावी, असे नियम सांगतो. म्हणजे उरलेले ५ मिळवून शिल्लक होते पूर्ण ३००. एका चुकीच्या सूत्राने १० दिवस गेले! नियत वयोमानाने निवृत्त होताना अर्जित रजेच्या प्रत्येक शिलकी दिवसामागे मूळ वेतन व महागाई भत्ता यांचा तिसावा हिस्सा रोख मिळतो. दहा दिवस म्हणजे एका महिन्याच्या या रकमेचा एकतृतीयांश.

‘हे काम आस्थापना शाखेचे आहे’, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. रजालेखा ठेवणे कार्यालयाचे कर्तव्य आहे, हे निर्विवाद. पण बँक हिशेब ठेवते म्हणून आपण पासबुक पाहणे सोडतो काय? ‘आता सारे संगणकावर असते’, हाही युक्तिवाद लंगडा. मंजूर रजेची नोंदच राहून गेली, तर संगणक तीच चूक बिनचूकपणे पुढे नेतो.

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियम ७ स्पष्ट सांगतो. परंतु जमा झालेल्या रजेचा अचूक हिशेब ही मेहेरबानी नव्हे. प्रत्येक कार्यालयाने दर सहामाहीस शिलकीचे लेखी विवरण द्यावे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने ते स्वतःच्या तक्त्याशी ताडून पाहावे. तफावत सहा महिन्यांत सापडली, तर एका अर्जाने मिटते. तीस वर्षांनी सापडली, तर जुने आदेश शोधण्यातच निवृत्तीचे पहिले वर्ष सरते.