शेवटचा व्हॉल्व्ह बंद होईल ना?



डिसेंबर २०२५ मध्ये बन्सफील्डच्या स्फोटाला २० वर्षे झाली. आपल्यापैकी जे तेव्हा लंडनच्या आसपास राहात होते, त्यांना आकाशभर पसरलेला तो काळा धूर आठवत असेल. हीथ्रोला इंधन पुरवणाऱ्या डेपोंपैकी हा एक. त्यामुळे नंतर लांब पल्ल्याच्या विमानांना इंधन मोजूनमापून मिळत होते. पण त्या दिवशी नेमके काय चुकले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. चूक एवढी साधी आहे की ऐकून चुटपुट लागते.

हेमेल हेम्पस्टेडजवळच्या या डेपोत ९१२ क्रमांकाच्या टाकीत रात्रभर पेट्रोल भरले जात होते. पहाटे ३ च्या सुमारास पातळी दाखवणारा मापक अडकला. पेट्रोल चढत राहिले, पडद्यावरचा आकडा मात्र तिथेच! हा मापक आधीच्या साडेतीन महिन्यांत १४ वेळा अडकला होता. दरवेळी तो तात्पुरता सोडवला गेला, मुळाशी कोणी गेले नाही.

अशा वेळेसाठी टाकीच्या माथ्यावर एक स्वतंत्र स्विच होता. पेट्रोल तिथवर पोचले की त्याने आत येणारा प्रवाह आपोआप बंद करायचा. त्या स्विचला चाचणीसाठी एक छोटी तरफ होती आणि ती योग्य जागी धरून ठेवायला एक कुलूप. बसवणाऱ्यांना वाटले, कुलूप म्हणजे कोणी छेडछाड करू नये म्हणून. त्यांनी ते लावलेच नाही. तरफ खाली आली आणि स्विच निकामी झाला. ११ डिसेंबर २००५, रविवार. पहाटे ५:३७ ला टाकी ओसंडू लागली, सुमारे अडीच लाख लिटर पेट्रोल बाहेर आले आणि ६:०१ ला स्फोट झाला. ४० हून अधिक लोक जखमी झाले. सुटीची पहाट होती म्हणूनच जीवितहानी झाली नाही.

जयपूर एवढे सुदैवी नव्हते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची गळती सुरू झाली, ती सव्वा तास चालली आणि ११ जणांचा बळी गेला. टाकीचा व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून बंद करण्याची सोय कागदावर होती, प्रत्यक्षात ती कित्येक वर्षे बंद पडलेली होती. वाफांनी भरलेल्या जागेत जाऊन हाताने व्हॉल्व्ह फिरवणार कोण?

आमच्या मते दोन्हींचा धडा एकच. बंद करणारा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे उघडाच असतो. न हलणारी वस्तू गंजते, अडकते, तिच्या बैठकीत कचरा साचतो. वापरायची वेळ येईपर्यंत ते कळतही नाही. म्हणून चाचणी हवी, आणि ती पूर्ण साखळीची हवी: पातळी ओळखणाऱ्या स्विचपासून व्हॉल्व्ह घट्ट बसेपर्यंत.

प्लांट चालू असताना व्हॉल्व्ह थोडासा, साधारण १० ते २० टक्के, हलवून पाहता येतो. त्याने तो अडकलेला नाही एवढेच कळते, तो गळतो की नाही ते कळत नाही. त्यासाठी ठरवून घेतलेल्या शटडाऊनमध्ये तो पूर्ण बंद करावा, लागणारा वेळ मोजावा, गळती तपासावी. आणि ग्रीस लावायच्या आधी चाचणी घ्यावी! आधी ग्रीस लावले तर काल संकट आले असते तर तो बंद झाला असता का, हे कधीच कळणार नाही.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे चाचणीनंतर सगळे पूर्ववत करणे. बायपास काढला का, तरफ जागेवर आहे का, कुलूप लागले का, हे दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहून सही करावी. बन्सफील्डला घात केला तो चाचणीसाठीच्याच तरफेने.

आपल्या समाजातले कितीतरी इंजिनियर इथे, आखातात आणि भारतात अशा प्लांटवर काम करतात. "पुढच्या शटडाऊनला बघू" हे वाक्य त्यांना नवे नाही. उत्पादनाचा एक दिवस बुडाला की वरून फोन येतो, चाचणी पुढे ढकलली तर कोणी विचारत नाही. तेव्हा "नाही, आधी चाचणी" म्हणणाऱ्या माणसाला त्रासदायक ठरवू नये. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

जाता जाता घरातले. मीटरजवळचा गॅस बंद करण्याचा दांडा कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला, भारतातून आलेल्या आई-बाबांनासुद्धा दाखवून ठेवा. दांडा पाइपला आडवा म्हणजे गॅस बंद. तो घट्ट वाटला तर जोर लावू नका, कळवा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडा, गॅस बंद करा, बाहेर पडून ०८०० १११ ९९९ ला फोन करा. पुन्हा चालू करण्याचे काम जाणकारावरच सोपवा.

या विषयात काम करणाऱ्यांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावेत.