आधी टर्मिनल दाखवा, मग बॅटरी विका

गेल्या मार्चमध्ये कशेडी घाट उतरून चहाला थांबले. परत चावी फिरवली तर नुसतं 'टक'. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ मात्र ढिम्म. दोन मुलांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. पुढच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, वरवर बघितलं आणि सांगितलं, "ताई, बॅटरी गेली." साडेचार हजार मोजले, जुनी त्याने ठेवून घेतली. जुलैत, दापोलीत घराच्या दारात, पुन्हा तेच 'टक'.

शेजारचे काका एसटी डेपोत वायरिंगचं काम करून निवृत्त झालेत. ते मीटर घेऊन आले. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग मीटरची एक पिन त्यांनी शिशाच्या खुंटावरच टेकवली, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा चढला १.८ वर. त्या सांध्यात ०.२ व्होल्टसुद्धा जास्तच. दोन्ही दिव्यांना मिळून दहा अँपिअर लागतात, तेवढे कुजक्या सांध्यातूनही जातात. सेल्फ दीडशेच्या आसपास मागतो, तिथे सांधा हात टेकतो.

क्लॅम्प सोडवला. आधी निगेटिव्ह, कारण उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. आत पत्र्याची पट्टी! जुना क्लॅम्प नव्या बॅटरीवर सैल बसत होता, म्हणून ती ठोकून बसवली होती. भोवती पांढरी पूड आणि केबलच्या तोंडाशी निळंहिरवं काहीतरी. काका म्हणाले, "हे मोरचूद." सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात घालतो, तेच. बॅटरीतलं आम्ल तांब्याला लागलं की इथेही तयार होतं.

काकांनी गरम पाण्यात खायचा सोडा कालवला, बॅटरीची झाकणं घट्ट असल्याची खात्री केली आणि मिश्रण ओतलं. फसफसून पूड विरघळली. मग साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, शिसं चकाकेपर्यंत पॉलिश पेपर. नवीन क्लॅम्प कोरडाच आवळला. व्हॅसलीन त्यानंतर, वरून. (आत ग्रीस भरून क्लॅम्प बसवणारे मी पाहिलेत, तसं करू नये.) केबलचं बॉडीला जोडलेलं टोकही घासलं. मीटर ०.१ वर आला आणि सेल्फ एका झटक्यात फिरला.

कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे काम पावसाळ्यापूर्वी आणि नंतर करायलाच हवं. पण माझं म्हणणं बॅटरी विकणाऱ्यांना आहे. गिऱ्हाईकासमोर टर्मिनल सोडा, साफ करा, सेल्फ मारताना मीटर लावून आकडा दाखवा आणि तो बिलावर लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. मग बॅटरी खरंच गेली असेल तर आम्ही खुशीने पैसे देऊ. आज तपासणी न होताच चांगली बॅटरीही भंगारात जाऊ शकते, आणि भंगारातल्या शिशाचं, आम्लाचं विष कुणाच्या ना कुणाच्या अंगणात उतरतं.

माझी ती पहिली बॅटरी खरंच गेली होती का, हे मला आता कळणार नाही. मीटर कुणी लावलाच नव्हता.