रात्र कोणासाठी उजळते?

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी आमच्या गटातल्या आठजणी दोन रात्रींसाठी गोव्याला जाऊन आल्या. चाकणच्या कारखान्यांत गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या चौघी, दोघी घरकाम करणाऱ्या, भोसरीत डबे करून देणारी एक आणि मी. दर महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकत वर्षभर भिशी केली होती. हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून बागा किनाऱ्याजवळ एका 'बुटीक' हॉटेलात तिघी-तिघींत एक खोली परवडली. बुटीक म्हणजे दहा-बारा खोल्यांचं, नटवलेलं, एरवी आपल्या आवाक्याबाहेरचं हॉटेल.

ही सहल अंकात, तीही संपादकीयात का, असं काहीजणींना वाटेल. आमच्याच एका बैठकीत प्रश्न आला होता, "वेतनवाढीचा लढा चालू असताना ही चैन कशाला?" घरोघरी वेगळेच प्रश्न होते. "रात्री नाचायला जाणार का?" "स्वयंपाकाचं काय?" नवरा मित्रांबरोबर दरवर्षी गोव्याला जातो, त्याला असं कोणी विचारत नाही. एकीने तीन दिवसांच्या भाज्या चिरून ठेवल्या, तेव्हा कुठे तिचा पाय घराबाहेर पडला. दुसरीचा त्या महिन्याचा हजेरी भत्ता गेला.

सुट्टी ही चैन आहे असं मानणाऱ्यांना थोडा इतिहास आठवून द्यायला हवा. एप्रिल १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा झाली. मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. त्या सभेत दोन कामगार बायका उभं राहून बोलल्या. जूनमध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. म्हणजे आपला रविवार कुणी दान दिलेला नाही, आणि तो मागणाऱ्यांत बायका होत्या. पुढे गंमत अशी झाली की, रविवारी कारखाना बंद झाला, पण बाईची चूल चालूच राहिली. घरातल्या कामाला सुट्टी मागायची सभा अजून व्हायची आहे.

आता गोव्याकडे वळते. हॉटेलात शिरताच पहिला प्रश्न आला, "बरोबर जेंट्स कोणी नाही?" नाही, असं आठ तोंडांनी एकदमच सांगितलं. संध्याकाळी किनाऱ्यामागच्या गल्लीत गेलो. जागोजागी पाट्या, 'बायकांना प्रवेश फुकट'. डबे करणारी मैत्रीण म्हणाली, "ताई, फुकट कोणी काही देत नाही." तिचं खरं होतं. बायका आत असल्या की पुरुष पैसे मोजून येतात. तिथे बाई पाहुणीही असते आणि आमिषही. गोव्यातल्या 'बायलांचो साद' या गटाने ऐंशीच्या दशकातच पर्यटनाच्या जाहिरातींतल्या बाईच्या चित्राबद्दल आवाज उठवला होता, तो काही उगाच नाही.

तरीही आम्ही आत गेलो आणि साडी-पंजाबी ड्रेसमध्ये तासभर नाचलो. एका तरुणाने मोबाइलवर आमचं चित्रण सुरू केलं, तेव्हा चाकणची मैत्रीण सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि दारावरच्या महिला रक्षकाच्या मदतीने ते पुसून घेतलं. मग रात्री एक वाजता आठजणी रस्त्याने गप्पा मारत परत आलो. दिवे होते, दुकानं उघडी होती, पोलिसांची गाडी उभी होती. मध्येच तीच मैत्रीण थांबली. म्हणाली, "दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीची बस मला फाट्यावर सोडते. तिथून खोलीपर्यंत दहा मिनिटं अंधार. रोज मी हातात किल्ली घट्ट धरून धावत जाते. तिथे का नाही हे दिवे?"

या संपादकीयाचं कारण हाच प्रश्न आहे. बाई गिऱ्हाईक असते तिथे रात्र उजळते. ती राबते तिथे मात्र अंधार असतो. आणि हे काही फक्त चाकणचं नाही. दुसऱ्या दिवशी आमची खोली आवरायला आलेली ताई सावंतवाडीकडची निघाली. उशिरा काम संपल्यावर म्हापशाच्या खोलीवर कशी जाते विचारलं, तर म्हणाली, "कुणाची गाडी मिळाली तर." समुद्रावर जातेस का? "चादरींतली वाळू झटकते, तेवढाच समुद्र." आमच्या विश्रांतीखाली तिची रात्रपाळी होती. त्या दिवशी आमच्या चादरी आम्हीच झटकल्या. त्याने तिचा प्रश्न सुटला नाही, हे आम्हालाही कळतं.

१९४८ च्या कारखाना कायद्याने बाईला रात्रपाळीतून मुळात बाहेरच ठेवलं होतं. रक्षण करायचं तर तिला घरी बसवायचं, हा जुना न्याय. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तिच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रीचं काम देता येतं. दार उघडलं हे चांगलंच. पण नकार दिला तर काम जाईल अशी भीती असेल, तर त्या सहीला संमती म्हणायचं का? आणि सुरक्षितता कुठवर? २००७ च्या नोव्हेंबरात रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरमधल्या मुलीवर तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार केला आणि आपल्या जवळच्या गहुंजे इथे तिचा खून केला. कामाची जागा कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही, हे आपण त्या वेळी शिकलो. आज फाट्यावरच्या अंधारात ते विसरलो आहोत.

पगारी रजेचंही तसंच. नव्या संहितेनुसार वर्षात १८० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. पण कंत्राटदार बदलला की कंत्राटी बाईचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात, असं आमच्या मैत्रिणी सांगतात. कागदावरचा हक्क हातात येईपर्यंत संघटनेलाच मागे लागावं लागणार आहे.

तेव्हा, मैत्रिणींनो, या तिमाहीत तीन कामं करूया. आपापल्या वस्तीत पाळी सुटल्यावर बाया ज्या वाटेने घरी जातात, ती वाट रात्री गटाने चालून पाहूया आणि बंद दिव्यांची यादी महापालिकेला, नगरपरिषदेला, औद्योगिक महामंडळाला देऊया. कंपनीच्या बसने दारापर्यंत सोडावं, ही मागणी वेतनाच्या मागण्यांच्या बरोबरीने मांडूया. आणि प्रत्येक गटात सहलीची भिशी सुरू करूया. लढणाऱ्या बाईलाही दमायचा आणि हसायचा हक्क आहे.

आमची पुढची भिशी सुरू झाली आहे. सावंतवाडीच्या त्या ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "मलाही घ्या, पण समुद्र नको, डोंगर दाखवा." तिचं नाव यादीत घातलं आहे. तुमच्या गटांतले अनुभव, आणि भांडणंही, आम्हाला जरूर लिहून कळवा.

— संपादक गटाच्या वतीने