विश्लेषण : एकाच लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क, कोणाकडे कोणते काम?

सहा-सात वर्षांपूर्वीचा लॅपटॉप सुरू करावा, तर चहा उकळून होतो तरी पडदा स्थिर होत नाही, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. दुरुस्तीच्या दुकानात त्यावर ‘एसएसडी टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. पण जुन्या १ टीबी हार्ड डिस्कमध्ये मुलांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, ऑफिसच्या फायली असतात आणि तेवढ्याच क्षमतेची एसएसडी महाग पडते. यावर मधला मार्ग म्हणजे छोटी एसएसडी बसवून हार्ड डिस्कही कायम ठेवणे. वेगासाठी हा मार्ग उत्तम आहे. मात्र ‘दोन ड्राइव्ह म्हणजे डेटा दुप्पट सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे.

वेगात एवढा फरक कशामुळे?

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात. त्या बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात आणि एक बारीक हात त्यांवरून माहिती वाचतो. प्रत्येक वेळी योग्य जागी पोहोचायला त्याला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचल्या जातात. तिथे हा फरक जाणवतो.

कोणत्या ड्राइव्हवर काय ठेवावे?

विंडोज, सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि रोज हाताळायच्या फायली एसएसडीवर. फोटो, चित्रपट, जुनी कागदपत्रे हार्ड डिस्कवर. चित्रपट पाहताना सेकंदाला काही एमबी वाचले तरी पुरते, त्यासाठी एसएसडीची गरज नाही. या वाटणीत बहुतेकांना २५६ जीबीची एसएसडी पुरू शकते. ती काठोकाठ भरू नये, १५ ते २० टक्के जागा मोकळी असावी.

अडचण अशी की डाउनलोड आणि फोटो आपोआप ‘सी’ ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवरच साठतात. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील ‘लोकेशन’ टॅबमध्ये हार्ड डिस्कवरील जागा निवडली, की हा प्रश्न सुटतो.

दुसऱ्या ड्राइव्हला जागा कुठे?

अनेक लॅपटॉपमध्ये एम.२ नावाचा छोटा स्लॉट असतो. दिसायला सारखा असला, तरी काही स्लॉट फक्त साटा एसएसडी घेतात, तर काही एनव्हीएमई. खरेदीपूर्वी मॉडेलची माहिती तपासणे आवश्यक आहे. स्लॉट नसेल, पण डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तो काढून तिथे ‘कॅडी’ बसवता येते. तिची जाडी ९.५ की १२.७ मिलिमीटर, हे आधी मोजावे. अशा वेळी एसएसडी मूळ जागी आणि हार्ड डिस्क कॅडीत ठेवणे श्रेयस्कर. डीव्हीडीच्या जोडणीचा वेग काही लॅपटॉपमध्ये कमी असतो.

एसएसडीने यंत्र वेगवान होते, नवे होत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. प्रोसेसर विंडोज ११ साठी अपात्र असेल, तर एसएसडी बसवून तो पात्र ठरत नाही.

दोन्ही मिळून एकच ड्राइव्ह केला तर?

तसे प्रयत्न झाले आहेत. सीगेटने २०१० मध्ये ५०० जीबीपर्यंतच्या हार्ड डिस्कला ४ जीबी फ्लॅश मेमरी जोडली. अ‍ॅपलने २०१२ मध्ये ‘फ्यूजन ड्राइव्ह’ आणला. इंटेलची ‘ऑप्टेन मेमरी’ २०१७ मध्ये आली. २०२२ मध्ये कंपनीने ऑप्टेन व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. फायली कुठे ठेवायच्या याची चिंता अशा रचनेत मिटते. पण फ्यूजन ड्राइव्हसारख्या जोडणीत दोनपैकी एक भाग बिघडला, तरी सगळा डेटा अडकतो. ड्राइव्ह स्वतंत्र असतील, तर एकाचा बिघाड दुसऱ्यापर्यंत जात नाही. म्हणूनच ‘सी’ आणि ‘डी’ वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

मग डेटा सुरक्षित कधी?

या वाटणीत एक विसंगती आहे. पुन्हा मिळवता येणारे विंडोज नव्या एसएसडीवर जाते आणि पुन्हा न मिळणारे फोटो लॅपटॉपमधील सर्वांत जुन्या, झिजलेल्या भागावर राहतात. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी कधी कधी टकटक आवाज करते. एसएसडी अनेकदा तेवढीही सूचना देत नाही. शिवाय लॅपटॉप चोरीला गेला, पडला किंवा त्यावर पाणी सांडले, तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच जाऊ शकतात.

त्यामुळे महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा जुना नियम इथेही लागू पडतो. लॅपटॉप दुकानात देण्याआधी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. आणि काम झाल्यावर आपल्या फायली स्वतः उघडून पाहिल्याशिवाय जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू देऊ नये. एसएसडी बसवायला दुकानात तासभर पुरतो. पुसलेले फोटो मात्र किती परत मिळतील, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.