पाळीची तारीख पिकाला विचारून ठरवा



पाटबंधारेवाल्यांना हल्ली एक नवे निमित्त सापडले आहे. टेलला पाणी पोचले नाही, हवामानबदल. पाळी आठ दिवस लांबली, हवामानबदल. हवामान बदलते आहे हे आम्ही नाकारत नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च आणि २०२३ चा फेब्रुवारी, दोन्ही दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीने तोवरचे सर्वांत उष्ण ठरले. २०२३ चा ऑगस्ट तोवरचा सर्वांत कोरडा. मग हवामान बदलले तर पाण्याचा कार्यक्रम तेवढा जुनाच का?

ऊन वाढले म्हणजे प्रत्येक पिकाला सरसकट अमुक टक्के पाणी जास्त लागणार, असे भाषणांतून सांगतात. ते शास्त्र नव्हे. १९९७ साली चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांनी भारतातील बाष्पीभवन पात्रांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा तापमान वाढूनही बाष्पीभवन घटलेले दिसले. हवेतला दमटपणा वाढला, हे त्यांनी मुख्य कारण दिले. पुढे मात्र ते वाढेल, असाच त्यांचा अंदाज होता. म्हणजे नुसते तापमान पाहून भागत नाही; दमटपणा, वारा, ऊन, सगळे पाहावे लागते.

गव्हाचे घ्या. उष्ण वर्षात गहू लवकर निसवतो, लवकर पिकतो. दिवसच कमी झाल्याने हंगामाचे एकूण पाणी फारसे वाढत नाही, कधी कमीही लागते. पण जितके दिवस तो उभा असतो तितके दिवस त्याचे रोजचे मागणे मोठे असते.

हिशेब करून पाहा. भारी काळ्या जमिनीत मुळांच्या खोलीत पिकाला सहज घेता येईल असे ८० मिलिमीटर पाणी धरा. रोज ४ मिलिमीटर खर्च झाले तर ते २० दिवस पुरते. कोरड्या, तापलेल्या फेब्रुवारीत रोज ५ गेले तर १६ दिवसांत खलास. पाळी मात्र एकविसाव्या दिवशीच. गहू नेमका दाणे भरण्याच्या वेळी पाच दिवस ताणावर. मध्यम जमिनीत, जिथे ५० मिलिमीटरच बसते, तिथे साडेबारा दिवसांचे दहा होतात. तिथला मेळ तर आधीच बसत नव्हता. (एक मिलिमीटर क्षुल्लक वाटत असेल त्यांच्यासाठी: एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर.) ज्याची विहीर आहे तो रात्रीच्या विजेवर जागून हे दिवस भरून काढतो. ज्याची नाही, त्याचा दाणा बारीक राहतो आणि बाजारात त्याचाच भाव पाडला जातो.

१५ ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती बसते आणि पाळ्या ठरतात. साठ्याचा हिशेब धरावाच लागेल. धरणात नाही ते पाणी आम्ही मागत नाही. खाते म्हणेल, पाळ्या वाढवल्या की कालवा भरण्यातच पाणी मुरते. खरे आहे. म्हणून पाळ्या वाढवा असेही आमचे म्हणणे नाही. रब्बीच्या शेवटच्या दोन पाळ्यांच्या तारखा ऑक्टोबरात बांधून टाकू नका, एवढेच म्हणणे आहे. जानेवारीच्या मध्याला पुन्हा बसा, मागच्या पंधरवड्याचे बाष्पीभवन पाहा आणि तारीख अलीकडे-पलीकडे करा. पाणी तेवढेच, फक्त वेळेवर.

माहिती नाही, ही सबब चालणार नाही. ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांत तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजतात. विम्याची भरपाई नाकारायची असली की हाच आकडा प्रमाण मानतात. पाळीची तारीख ठरवताना मात्र त्याची आठवण कोणाला होत नाही! २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचे ठरले. नाशिक जिल्ह्यात वाघाडच्या शेतकऱ्यांनी संस्था करून ते घेऊन दाखवले. जिथे संस्था फक्त कागदावर आहे, तिथे तारखेचे बोलायला समितीपुढे कोणी नसते.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या चारीवरच्या गेल्या तीन रब्बींची टिपणे आणा: पाळीची जाहीर तारीख, पाणी प्रत्यक्ष शेतात आले तो दिवस, जमीन भारी की मध्यम, आणि त्या दिवशी पीक कोणत्या अवस्थेत होते. नमुना नंबर ७ ची पोच असेल तर तीही. या टिपणांवरून तालुकावार तक्ता करून तो कार्यकारी अभियंत्यांपुढे ठेवायचा आहे.