उसाला कायदा, मक्याला वायदा

माढा तालुक्यातले उसाचे गाळप होळीच्या आगेमागे आटोपते. पुढे डिस्टिलरी मळीच्या साठ्यावर चालते आणि साठा सरला की टाक्या कोरड्या पडतात. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला ऐन हंगामात मनाई केली, तेव्हा तर कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले होते. मळीवरच्या डिस्टिलऱ्यांना धान्यही चालवायची मुभा राज्य सरकारने २०२५ मध्ये दिली, ती या पार्श्वभूमीवर. मुभा दिली हे बरेच झाले. पण मका पिकवणाऱ्याचे काय, हा प्रश्न तिथे कुणी काढला नाही.

मळीतली साखर यीस्टला आयती मिळते. मक्यातला स्टार्च मात्र त्याला पचत नाही. मक्याचा भरडा पाण्यात शिजवायचा, विकरे घालून त्याची साखर करायची, थंड करायचा आणि मग यीस्ट सोडायचे. पुढे दोन-अडीच दिवस टाकी फसफसत राहते. टनामागे साधारण ३८० लिटर इथेनॉल पडते. तेल कंपन्यांचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे, म्हणजे क्विंटलभर मक्याचे झाले सुमारे २,७३० रुपये. उरलेला चोथा वाळवून पशुखाद्याला जातो, त्याचे पैसे वेगळे. (त्या चोथ्याने सोयापेंडीचा बाजार पाडला, ही शेजारच्या बार्शीकडच्या सोयाबीनवाल्यांना बसलेली झळ आणखी वेगळी.)

मक्याचा हमीभाव २०२५-२६ साठी २,४०० रुपये आहे. त्यावर वाफ, विकरे, वीज आणि कर्जाचे व्याज धरले तर डिस्टिलरीच्या हाती फारसे उरत नाही, ही कारखानदारांची तक्रार खोटी नाही. पण मग हिशेब जुळवायचा कुठून? मका पाडून घेऊन! कर्नाटकात नोव्हेंबर २०२५ मध्ये दर हमीभावाच्या बरेच खाली गेले, शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि मगच सरकारने डिस्टिलऱ्यांना हमीभावाने खरेदी करायला सांगितले.

उसाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे: चौदा दिवसांत एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, नाहीतर पंधरा टक्के व्याज. तरीही बिलासाठी आंदोलने करावी लागतात, हे सोलापूर जिल्ह्याला कुणी सांगायला नको. त्याच टाकीत मका ओतणाऱ्याकडे तेवढा कागदही नाही. परवाना राज्याच्या हातात आहे. हमीभाव आणि चौदा दिवसांची अट त्यातच घाला, आणि परवडत नसेल तर इथेनॉलचा दर वाढवून घ्यायला कारखानदारांसोबत दिल्लीला जा. नाहीतर इथल्या शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक आहेच. दूधवाले मुरघासासाठी उभा मका बांधावरून रोखीने उचलतात. तो तिकडे गेला, तर डिस्टिलरीने कुर्डुवाडीच्या यार्डात बिहारच्या रेकची वाट पाहावी.